सेंटीमीटरला सहा

दिनांक २२ एप्रिल १९९९, गुरुवार, सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी पुण्याहून फोन आला आणि अहमद होडेकरांना सहा हा आकडा ऐकावा लागला. ‘‘सेंटीमीटरला सहा शिरा आहेत, काका,’’ जीवाश्म वनस्पतींच्या अभ्यासक डॉ. नम्रता लिमये म्हणाल्या. ‘‘तुम्ही पाठवलेलं पानाचं आरेखन अप्रतिम आहे, आमच्याकडे असं हातानं आता कुणी काढत नाही. पण सहाच शिरा असतील तर ही उंडी नव्हे. उंडीच्या पानात शिरा इतक्या दाट असतात की बोट ठेवलं तर खाली वीसेक तरी झाकल्या जातात. मला हे जांभळाच्या कुळातलं वाटतं. अर्थात मूळ पान पाहिलं असतं तर—’’ ‘‘मूळ पान राहिलं नाही,’’ अहमद म्हणाले, ‘‘मी पत्रात तसं लिहिलं होतं.’’ ‘‘हो, तेच. म्हणजे आपल्याजवळ तुमचं चित्र तेवढं आहे.’’ आरेखनापासून चित्रापर्यंत बाई सहा वाक्यांत खाली उतरल्या, हे अहमदांच्या कानाने टिपले. त्यांनी आभार मानले, रिसीव्हर जागेवर ठेवला आणि त्यावरचा हात न काढता खिडकीतून मांडवीच्या धक्क्याकडे पाहत राहिले. धक्क्यावर नेहमीसारखी माणसे होती. पाणी ओहोटीचे होते. काहीच बदललेले नव्हते आणि तरी आपण एखाद्या पायरीवर पाऊल टाकले व ती पायरी तिथे नव्हती, असे त्यांना वाटले.

पान त्यांनी पाहिले होते. याबद्दल त्यांना शंका नव्हती. रविवारी सकाळी ते शहराबाहेरच्या सड्यावर, जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, थोरल्या बहिणीच्या नव्या घराच्या जागेवर उभे होते. ताजबी आपांचा मुलगा रय्यान कतारला असतो. घर त्याचे, हौस आपांची आणि नकाशा अहमदांचा. विहीरही त्यांनीच आखून दिली होती. वरचा जांभा संपला, त्याखालची पांढरट, हाताला साबणासारखी लागणारी शेडी संपली, आणि अडतीस फुटांवर काळी माती लागली. यारीच्या दोराने वर आलेली पाटी विहीर खणणाऱ्या भागोजीच्या माणसाने कडेला पालथी केली, एक ढेकूळ गडगडत अहमदांच्या चपलेपाशी आले आणि वहीचे पान उलटावे तसे मधोमध उघडले. आत पान होते. पानाचा ठसा नव्हे, खुद्द पान. तपकिरी, ओले, उन्हाकडे धरले तर कडेला लालसर दिसेल इतके पातळ. मधली शीर सरळ आणि जाड, तिच्यापासून दोन्ही बाजूंना निघालेल्या शिरा जवळजवळ काटकोनात, एकमेकींना चिकटून, विंचरलेल्या केसांसारख्या. कडा मात्र फाटून गेल्या होत्या. त्यांनी नखाने टोक उचलले तर ते मातीवरून सुटून आले. दीड-दोन कोटी वर्षांनी त्याला पहिल्यांदा वारा लागला आणि त्या वाऱ्यानेच त्याचा घात केला. खिशातली पेन्सिल काढून त्यांनी सिमेंटच्या पिशवीच्या कागदावर जेमतेम आराखडा उतरवला असेल, तोवर पान वाळले, वळले, तळहातावर बारीक कुरकुर झाली आणि कुस्करलेल्या तंबाखूएवढे काहीतरी शिल्लक राहिले. पुढच्या झुळकीने तेही गेले. भागोजी म्हणाला होता, ‘‘साहेब, पानपट्टी खाल्लाव काय? हात तसाच झालाय.’’ माणसे हसली होती. अहमदही हसले होते. घरी येऊन त्यांनी फलकावर ट्रेसिंग कागद ताणून बसवला, रापीडोग्राफची सर्वांत बारीक निब लावली आणि दुपारपासून दिवेलागणीपर्यंत ते पान काढले. काढताना त्यांच्या तोंडाला कडवट चव आली होती.

ती चव कडू तेलाची होती. उंडीच्या बिया घाण्यावर काढून आणलेले ते हिरवट, दाट तेल त्यांचे वडील मचव्याच्या अंगाला चोळत असत. सांध्यांत कापूस ठासून झाला की मोठा भाऊ, आपा आणि सर्वांत शेवटी अहमद, असे ओळीने बसून फळ्या माखायच्या. तेलाचा वास आठवडाभर हाताला राहायचा, भाकरीला लागायचा. खाडीच्या काठी एक म्हातारी उंडी वाकून उभी होती. तिच्या सावलीत होड्या बांधायच्या, तिच्याच जातीच्या लाकडाची डोलकाठी करायची, तिचेच तेल लावायचे. आणि मुलांनी तिच्या पानांची गुंडाळी करून पिपाण्या वाजवायच्या. पिपाणी करताना पान दातांत धरावे लागते. त्या दाट शिरा जिभेला आडव्या लागतात, किंचित खरखरीत. रविवारी डोळ्यांनी पान ओळखण्याच्या आधी बहुधा जिभेने ओळखले असावे. पण हे पत्रात लिहिण्याजोगे नव्हते. तंत्रनिकेतनात तीन वर्षे आणि पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षे काढलेल्या माणसाने जिभेचा पुरावा द्यायचा नसतो.

वडील आणखी एक गोष्ट सांगत. संध्याकाळी काम थांबले की उंडीच्या बुंध्यावर थाप मारून म्हणत, ‘‘ही आपली. आपल्या पूर्वजांनी गलबतातून बी आणला, इथं किनाऱ्याला लावला. त्याच्याआधी हिकडं उंडी नव्हती.’’ गोष्ट मोठ्या अभिमानाची होती. होडेकर येण्याआधी या किनाऱ्याला डोलकाठी ठाऊक नव्हती, असाच तिचा सूर असे, आणि लहानपणी अहमदांनी ती शाळेत सर्वांना सांगितली होती. पुढे कार्यालयात कधीतरी दुपारच्या चहाला त्यांनी ती पुन्हा सांगितली, तेव्हा शेजारच्या टेबलावरचा एक आरेखक खो-खो हसून म्हणाला, ‘‘म्हणजे होडेकर, तुम्ही बाहेरून आलात ते झाडासकट!’’ त्यात विष नव्हते. तो माणूस त्यांच्या घरी ईदला शिरखुर्मा खायला येत असे. नंतर मात्र वर्षे बदलली, आणि तेच वाक्य दुसऱ्याच माणसांच्या तोंडून, हसण्यावाचून, बसस्टँडवर, बँकेच्या रांगेत, टीव्हीवर वेगवेगळ्या शब्दांत येऊ लागले. त्या काळात अहमदांनी ती गोष्ट सांगणे बंद केले. वडिलांचा अभिमान आपणच आतून कुलूप लावून ठेवला आहे आणि किल्ली कुठे टाकली ते आठवत नाही, असे त्यांना कधीकधी वाटे. आणि रविवारी अडतीस फुटांखालून ते पान आले. ते उंडीचे असेल तर वडिलांची गोष्ट खोटी होती. बी कुणी आणले नव्हते. झाड माणसांच्या आधी, गलबतांच्या आधी, या जांभ्याच्याही आधी इथेच होते. ही गोष्ट खोटी ठरावी असे आपल्याला किती तीव्रतेने वाटते, हे रविवारी रात्री अहमदांच्या लक्षात आले आणि ते अस्वस्थ झाले. ज्याला एखादे उत्तर हवे असते त्याने मोजमाप करू नये, हा नियम त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

फोनवरचा हात त्यांनी काढला. मशिदीमागे एक उंडी आहे. तिचे एक पूर्ण वाढलेले पान तोडून त्यांनी घरी आणले, भिंग लावले, पट्टीने एक सेंटीमीटर आखला आणि सुईच्या टोकाने शिरा मोजल्या. सोळा. दुसऱ्या जागी अठरा. तिसऱ्या जागी सतरा. मग त्यांनी स्वतःच्या आरेखनाची घरी ठेवलेली प्रत शेजारी मांडली. सहा. सगळीकडे सहा, एका केसाचाही फरक नाही. कागद स्वच्छ होता. शाई कुठे फुटलेली नव्हती. प्रत्येक शीर तिच्या शेजारणीपासून सारख्या अंतरावर. ते बराच वेळ पाहत राहिले. उंडी नसेल तर नसेल, त्यांनी स्वतःला सांगितले, जांभूळही चांगले झाड आहे. पण मन तिथे थांबेना. त्या सारखेपणात काहीतरी ओळखीचे होते, आणि ते पानाचे नव्हते. निसर्गातली कुठलीच गोष्ट इतकी सारखी नसते. आत्ता मोजलेल्या जिवंत पानातसुद्धा सोळा, अठरा आणि सतरा होते. हा सारखेपणा कुठे पाहिला आहे? धरणाच्या आडव्या छेदाच्या नकाशात. भरावाच्या मातीत. दगडी बांधकामात. त्यांना एकदम हेड ड्राफ्ट्समन सुर्वे दिसले, खांद्यावरून वाकलेले, पानाने रंगलेले तोंड कागदापासून कटाक्षाने दूर धरून: ‘‘होडेकर, हॅचिंगच्या रेघा दाट नकोत. दाट रेषा अमोनिया प्रिंटमध्ये एकमेकींत सांडतात, काळा डाग येतो. तीनातली एक घे. आपल्याला दगड दाखवायचा आहे, मोजायचा नाही.’’ तीनातली एक. चौतीस वर्षे त्यांनी तीनातली एक घेतली होती. ते आता हाताला सांगावे लागत नसे. हात ते आपणहून करी. रविवारी दुपारी डोळ्यांपुढे विंचरलेल्या केसांसारख्या शिरा होत्या आणि हात कार्यालयात बसला होता. त्याने दाट जागा पाहिली, शाई सांडू नये म्हणून तीनातल्या दोन वगळल्या आणि उरलेल्या नीटनेटक्या मांडल्या. त्या चित्रात पान नव्हते, पान दाखवणारे चिन्ह होते.

अहमद उठून उभे राहिले. हे समजणे आणि सिद्ध होणे यांत मोठे अंतर होते. सहाला तिनाने गुणले की अठरा येतात हे खरे. पण असे गुणून पुण्याला कळवणे म्हणजे एका खोट्यावर दुसरे बसवणे. हवे तेच उत्तर हा गुणाकार देत होता, म्हणून तर तो अधिकच संशयास्पद होता. आठवणीवर आता भरवसा नव्हता, हातावर तर नव्हताच. दुसरे पान पाहिजे. त्याच थरातले, ओले, शाबूत. त्यांनी आपांच्या शेजारच्या दुकानात फोन लावून त्यांना बोलावून घेतले आणि आज येतो म्हटले, तेव्हा आपा म्हणाल्या: ‘‘आज नको येवस, अहमद. उद्या ये. उद्या सकाळी खालून चिरा बांधायला घेतायत. भागोजी म्हणतो, शेडी फुगाय लागली, आता बांधली नाय तर ढासळंल.’’ अहमदांनी घड्याळ पाहिले. काळी माती एकदा चिऱ्याच्या भिंतीमागे गेली की पुन्हा कुणासाठी उघडणार नव्हती. त्यांनी पिशवीत जेवणाची सुरी, जुने धोतर फाडून केलेली फडकी, पाण्याची बाटली, भिंग आणि पट्टी घातली. पेन्सिल घेतली आणि परत ठेवली.

सड्यावर ऊन जांभ्यातून उलटे वर येत होते. रिक्षा डांबरी रस्त्याला सोडून पुढे चालताना तळवे भाजत होते. वाळक्या गवतात कुठेकुठे चिऱ्याच्या खाणींचे चौकोनी खड्डे. या दगडाखाली एके काळी दलदल होती, दाट झाडी होती, हे शब्द त्यांनी वाचले होते. आज तिथून चालताना त्यांना पायांखाली पाला कुजत असल्याचा भास झाला. विहिरीच्या काठावर भागोजी विडी ओढत बसला होता आणि त्याची बायको काशी यारीच्या चाकाला तेल देत होती. अहमदांनी आत उतरायचे म्हटल्यावर भागोजीने विडी विझवली.

‘‘साहेब, खाली काय हाय? चिखल हाय नि वास हाय.’’

‘‘मला एक पान पाहिजे.’’

‘‘पान? आवो, त्या समोरच्या आंब्याला लाख पानां हायत. हवी तेवढी काडून देतो.’’

‘‘खालचं पाहिजे.’’

‘‘तुमी खाली उतरलाव नि वरून ढेकूळ आला, तर पयलं नाव माजा घेतील. आपा मना जित्ता ठेवील काय?’’

‘‘नाय ठेवणार,’’ घराच्या उघड्या चौकटीतून ताजबी आपा म्हणाल्या. सत्तरी जवळ आलेली बाई, डोक्यावरचा पदर दातांत धरून, हातात गोधडीचे अर्धे शिवलेले काम. ‘‘लोका विहिरीत पाणी बघतात, हा पाला बघतो. साठी झाली तरी पिपाणी वाजवायची हौस भागली नाय.’’

पिपाणी या शब्दाने अहमद चमकले. आपांना त्यांनी उंडीचे काही सांगितलेले नव्हते. पण आपांच्या लेखी पान म्हटले की पिपाणी, आणि पिपाणी म्हटली की बाबांची ती उंडी. एवढेच ते असावे. ‘‘आपा,’’ ते म्हणाले, ‘‘अर्धा तास. मग बांधून काढा.’’ त्यांच्या आवाजात विनंती नव्हती, याचे त्यांना स्वतःलाच नवल वाटले. आपांनी भावाकडे क्षणभर निरखून पाहिले. ‘‘सोड त्याला खाली, भागोजी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हा लहानपणी असाच उभा राहायचा. मग घेऊनच यायचा, नायतर तापानं पडायचा.’’

पाटीत एक पाय, दोराला दोन्ही हात, अशा अवस्थेत ते उतरू लागले आणि उजेड वर जाऊ लागला. आधी जांभा, तांबूस, भोकाभोकांचा, स्पर्शाला कोमट. मग शेडी, तिच्यात पिवळ्या आणि जांभळ्या रेघा, जणू कुणी ओल्या कागदावर शाई सांडली आहे. मग एकदम गारवा आणि नासलेल्या अंड्याचा वास. पाय घोटाभर पाण्यात गेले. काळा थर छातीच्या उंचीवर होता, हातभर जाडीचा, आणि त्याच्यातून पाण्याचे थेंब अगदी सावकाश बाहेर येत होते. वरून पंपाची धडधड ऐकू येत होती, दूर कुणाचे तरी हृदय चालल्यासारखी. अहमदांनी सुरी थराच्या आडव्या रेषेत घातली आणि पिळली. पहिले ढेकूळ उघडले. आत नुसते देठ, काटक्या, कोळशाचा चुरा. दुसऱ्यात पान होते पण चुरगळलेले. तिसऱ्यात होते ते फार सुंदर आणि भलतेच, रुंद, जाळीदार शिरांचे. त्यांनी त्याच्याकडे आदराने पाहिले आणि ते बाजूला ठेवले. आपल्याला उंडी हवी आहे म्हणून आपण तीच शोधत आहोत, हे त्यांना कळत होते. पण शोधणे एक आणि मोजणे दुसरे. शोधताना माणसाने पक्षपाती असायला हरकत नाही. वडील डोलकाठीसाठी लाकूड शोधायला जात तेव्हा वाकड्या झाडाकडे पाहतही नसत. वडील. हे ढेकूळ उघडले आणि पान निघाले तर त्या म्हाताऱ्या माणसाच्या हातातून आपण काय काढून घेणार आहोत? एक गलबत. एक बी. मातीत बोट खुपसून बी लावणारा कुणी पूर्वज, ज्याचे नाव कुणालाच माहीत नाही. आणि त्या बदल्यात काय देणार? अहमदांची सुरी थांबली. वरून भागोजी ओरडला, ‘‘साहेब, झाला का? पाणी चढतंय!’’ पाणी खरोखर पोटरीला लागले होते. त्यांनी सुरी पुन्हा घातली. बदल्यात काय, ते वर जाऊन पाहू.

पान सहाव्या की सातव्या ढेकळात होते. मोजायचे भान राहिले नव्हते. ते दिसताच त्यांनी श्वास रोखला, कारण श्वासही वाराच. यावेळी त्यांनी टोक उचलले नाही. पान त्याच्या मातीच्या पाटासकट तसेच ठेवले, वर ओले फडके घातले, दुसरे फडके गुंडाळले आणि ते गाठोडे तान्ह्या मुलासारखे छातीशी धरून ‘‘ओढा’’ म्हणून हाक मारली. वर येताना दोर धरायला एकच हात होता. काशीने त्यांना दंडाला धरून काठावर घेतले आणि म्हणाली, ‘‘एवढा जपून तर कोणी सोना पण आणीत नाय.’’

घराच्या पडवीत खिडक्यांच्या काचा भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. एक काच त्यांनी जमिनीवर आडवी केली, तीवर ढेकूळ ठेवले, बाटलीतले पाणी थेंबाथेंबाने सोडत फडके उचलले. पान ओले होते, शाबूत होते, आणि यावेळी एका बाजूची कडाही होती. आता मोजायचे. त्यांनी पट्टीने मोजून एका कागदात बरोबर एक सेंटीमीटरची खिडकी कापली, ती पानावर मधल्या शिरेला लागून बसवली, भिंग हातात घेतले आणि खाली ठेवले. हात स्थिर होता. नेमकी तीच अडचण होती. हा हात स्थिरपणे खोटे बोलतो.

‘‘आपा, सुई घेऊन ये. आणि चष्मा.’’

‘‘आता काय शिवून देऊ पान?’’

‘‘या खिडकीत किती रेघा आहेत त्या मोज. एकही सोडू नकोस. एकही जास्त धरू नकोस.’’

‘‘किती असायला पायजेत?’’

‘‘ते मी सांगणार नाही.’’

आपा खाली बसल्या. चाळीस वर्षे गोधडीचे टाके मोजून घातलेली बाई. तिने भिंग डोळ्याशी नेले आणि सुईचे टोक पहिल्या शिरेवर धरले. मग एकाएकी मान वर केली. ‘‘अहमद, ही उंडी हाय काय रे?’’ त्यांनी पानावर पाण्याचा एक थेंब सोडला. ‘‘उंडी एवढ्या खाली कशी गेली?’’ आपांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेले. त्या विहिरीकडे पाहू लागल्या, मग भावाकडे. ‘‘मग बाबा काय खोटा बोलायचे?’’

‘‘बाबांना ठाऊक नव्हतं.’’

‘‘त्यांनी बी आणला नाय?’’

‘‘कुणीच आणलं नाही, आपा. असेल तर. आधी मोज.’’

पंप कुणीतरी बंद केला होता आणि सड्यावर इतकी शांतता झाली की दूर आंब्यावर चाललेले कावळ्याचे पंख ऐकू आले. मग आपा हसल्या, दातांतला पदर सुटला. ‘‘बाबा तिच्याखाली होडी बांधायचे, सावलीला बसायचे. म्हणून ती आपली. बी कोणी का लावीना.’’ त्यांनी पुन्हा मान खाली घातली. सुईचे टोक हलू लागले, शिरेमागून शीर, ओठ हलत होते पण आवाज नव्हता. अहमदांनी पानाकडे पाहिले नाही. त्यांनी समोरच्या उघड्या चौकटीतून सडा पाहिला, त्यावरचे ऊन पाहिले, आणि आपल्याला आता कुठलाही आकडा चालेल, असे स्वतःला सांगून पाहिले. ते खरे नव्हते. खरे एवढेच की जो येईल तो आपण पुण्याला जसाच्या तसा कळवू; सहा आला तर सहा. ही गोष्ट मात्र त्यांच्यात रविवारपेक्षा पक्की झाली होती. आपांनी खिडकी उचलली, काच फिरवली, पानाच्या दुसऱ्या अंगाला खिडकी बसवून पुन्हा पहिल्यापासून मोजले. एकदा थांबल्या, पाण्याचा थेंब सोडला, पुढे गेल्या. शेवटी सुई पदराला टोचून त्यांनी चष्मा काढला.

‘‘दोन्हीकडं सारख्याच हायत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सतरा.’’